पायली म्हणजे ही

उंबऱ्यावर तांदळाने भरलेली पायली होती आणि ती मला उजव्या पायाने हलकेच लवंडायची होती. यातला 'हलकेच' हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता. उलट माहेरून निघताना मावशीने कानात सांगितलेलं, की मापाड्यांच्या घरी सुनेला ओलांडायला चिमुकलं माप ठेवत नाहीत, गावाची पायलीच ठेवतात. जड असते, पाय नीट लाव, नाही तर हलायची नाही आणि जन्मभर हसतील. त्यात दिवसभर बैलगाडीत बसून माझ्या पायाला मुंग्या आलेल्या. मी पाय नीट लावला.

पायली उडालीच. तांदूळ माजघरभर झाले आणि ती रिकामी होऊन गडगडत गेली ती कोपऱ्यातल्या उखळावर आपटली. आवाज असा झाला, की बाहेर वाजंत्री वाजवणाऱ्याने सनई तोंडातून काढली.

मग माझी चुलत सासू, बयाकाकू, हिने पुढे होऊन पायली उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी फिरवली. तांबं जुनं, पिढ्यान्पिढ्या हात फिरून पातळ झालेलं. एका अंगाला मुठीएवढा पोचा पडला होता. "गावाची पायली चेपली," ती म्हणाली. "पाय बघा पोरीचा. पांढऱ्या पायाची हाय." माझा भाऊ अजून गाडीपाशीच उभा होता. गाडी सोडलेली नव्हती, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

माझे सासरे, हैबतराव मापाडी, यांनी तिच्या हातातून पायली घेतली. उपरण्याने पुसली. खाली बसून माजघरातले तांदूळ ओंजळीने गोळा केले, पायलीत भरले, वरून तळहात फिरवला आणि भरलेली पायली पुन्हा उंबऱ्यावर ठेवली.

"भरली," ते म्हणाले.

"पोचा पडलाय, आण्णा," कुणीतरी म्हणालं.

"पायलीला पोचा पडत न्हाई. पायली म्हंजी ही. ही जेवढी, तेवढी पायली. चुकल्या असतील तर बाकीच्या. ये पोरी आत."

मी आत गेले. आपण वेड्यांच्या घरात पडलो, एवढं एकच माझ्या मनात आलं. आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे मुंडावळ्या सावरत होते. पुढे कळलं, की ह्यांचा तो स्वभावच. घरात काहीही झालं, की हे काहीतरी सावरायला घेतात.

ते खरोखर वेड होतं की काय, हे कळायला त्या पायलीचं प्रकरण समजून घ्यावं लागतं. आमच्या वडजाई गावात तेव्हा किलो आले नव्हते. धान्य मापाने चालायचं आणि प्रत्येक घरात पायली असायची, कुणाची पितळी, कुणाची पत्र्याची. पण त्या सगळ्या पायल्या होत्या त्या आमच्या पायलीच्या जिवावर. माघी पुनवेला, खळी सुरू व्हायच्या आधी, घरोघरची पायली आमच्या सोप्यावर यायची. मामंजी आमच्या पायलीतली ज्वारी तिच्यात ओतायचे. बरोबर मावली तर ती पायली, नाही तर नुसतं भांडं.

माझं लग्न झालं आणि पाठोपाठ पुनव आली. मी नवी नवरी, दाराआडून बघत होते. पहिल्या घराची पायली आली, तीत ज्वारी ओतली, वर बोटभर जागा उरली. दुसरी आली, तिच्यातही उरली. सगळ्या गावाच्या पायल्या एका वर्षात मोठ्या झाल्या होत्या. मामंजी प्रत्येकाला तेच सांगत होते, "जास्ती हाय. कमी करून आणा."

माणसं एकमेकांकडे बघत होती, पण हो म्हणत होती. त्याचं कारणही होतं. विकायची ज्वारी तालुक्याला जायची ती तराजूवर. पायलीने जायची ती गावातच, आणि त्यातली बहुतेक मजुरांना. पायली लहान झाली तर देणाऱ्याला कशाला वाईट वाटेल?

एकटे पोतनीस मास्तर अडले. ते शाळेतले, परगावचे, स्वतःची पितळी पायली घेऊन आलेले. म्हणाले, आण्णा, चार शेरांची एक पायली. मामंजींनी विचारलं, आणि शेर केवढा? मास्तर म्हणाले, पायलीचा चौथा हिस्सा. आपण काय बोललो हे मास्तरांच्या जरा उशिरा ध्यानात आलं.

मग त्यांनी बैठक बदलली. "आण्णा, पायली म्हणजे हे भांडं नव्हे. भांडी शंभर असतील. पायली म्हणजे या सगळ्यांत मिळून जे एक माप आहे ते. भांडं चेपतं, माप चेपत नाही."

"मी दुसरं काय म्हणतोय? चेपत न्हाई."

"पण तुमचं भांडं चेपलंय."

"मग ते एक माप कुठं ठेवलंय?"

"कुठं ठेवलेलं नसतं. ते मनात असतं."

मामंजींनी सूप पुढे सरकवलं. "मग मनातल्या पायलीनं एवढी ज्वारी मोजून दावा."

मास्तर आपली पायली उचलून गेले. ती त्यांनी चेपू दिली नाही, तत्त्वाचा प्रश्न म्हणून. बाकीच्या पायल्या मंगळवारच्या बाजारात तांबटापुढे रांगेत लागल्या. तांबट बिचारा जन्मभर पोचे काढत आलेला. आता एकेक धड भांडं घेऊन त्याला हातोडीने पोचा पाडायचा होता. दिवसभर ठोकाठोक चालली होती. माझ्या एका लाथेचा पोचा संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक घरी पोचला.

घरात याविषयी कुणी बोलत नसे. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, पायलीवरचं बोलणं निघालं की मला पाण्याला पाठवायच्या. घरात आणखी एक बाई होती, मामंजींची थोरली बहीण, सोनाआत्या. केस पांढरे, कपाळाला कुंकू, आणि माहेरीच. का, ते मी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. लग्नात ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती, पुढे आलीच नाही. कामाला वाघ. फक्त पाखडता पाखडता भलतंच काहीतरी विचारायची. म्हणजे, सुपातला कोंडा उडून गेला, पण मग ज्वारी आधी जेवढी दिसत होती तेवढी होती तरी कुठं? मी नवी होते, मला वाटायचं उत्तर द्यायला पाहिजे. मी उत्तर शोधत असेपर्यंत तिची ज्वारी पाखडून झालेली असायची.

त्यातच आमच्या म्हशीचं रेडकू मेलं. बयाकाकू विचारपूस करायला आली आणि माझ्या पायांकडे बघत बसली. "पायली चेपली तवाच म्हनलं हुतं मी," असं ती म्हणाली, तेव्हा मामंजी सोप्यावरूनच म्हणाले, "कुठली पायली चेपली?" गावात तो विषय तिथेच मिटायचा. पायली चेपलीच नाही, तर ती कुणाच्या पायाने चेपली हे विचारणार कसं?

मग खळी लागली. काढणीच्या आणि मळणीच्या बायकांची मजुरी आठवड्याला आमच्या अंगणात मोजली जायची, कारण मालक आणि मजूर दोघांचा विश्वास होता तो फक्त मामंजींच्या हातावर. मोजताना ते पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन. बायका पदर पसरून बसायच्या.

त्यांच्यात पुतळा म्हणून एक होती. नवरा दम्याने खाटेवर, घरात खाणारी तोंडं पुष्कळ, कमावते हात हिचेच. अंगाने काटकुळी पण पाठीचा कणा ताठ. तिसऱ्या आठवड्याला मामंजींनी तिच्या पदरात मजुरी ओतली, तरी ती उठली नाही.

"आण्णा, एक इचारू का?" ती म्हणाली. "माझ्या घरात मडकं हाय. हप्त्याची ज्वारी वतली की गळ्याला यायची. औंदा खांद्यालाच ऱ्हातिया."

"मडकं बदललं असंल," एक मालक म्हणाला.

"मडकं तेच हाय. माझ्या सासूचं." ती मामंजींशीच बोलत होती. "पायली म्हंजी ही, हे कबूल. तुमचा सबूद आमी मोडत न्हाई. पर आण्णा, पोचा पायलीला पडला. आमच्या पोटाला न्हाई पडला."

एवढं बोलून ती पदर आवळून निघून गेली. मामंजींच्या हातात पायली होती. त्यांनी पोच्यावर अंगठा फिरवला आणि पुढचीच्या पदराकडे वळले, पण तो 'लाभ' त्यांच्या तोंडून नेहमीसारखा निघाला नाही.

त्या दिवशी ते दोन भाकऱ्यांवरून एकीवर आले, आणि पुढेही एकच खात राहिले. आत्याबाईंनी कारण विचारलं तर म्हणाले, भूक नाही. मला त्यांचा राग येत होता. एवढ्याशा भांड्यासाठी हा माणूस हट्टाला पेटलाय, गरिबांचं धान्य कमी होतंय, स्वतः उपाशी राहतोय, आणि तांबटाकडे मात्र जात नाही. मी जात्यावर बसले होते, सोनाआत्या समोर होती. मी तिला तसं बोलून दाखवलं.

ती दळायची थांबली नाही. म्हणाली, "माझ्या लग्नात सासऱ्याच्या उंबऱ्यावर मातीचं माप हुतं. माझा पाय लागला आन् ते फुटलं. तांदूळ बाहीरच्या अंगाला सांडलं. सासू म्हनली, लक्षुमी भाईर गेली." तिने जात्यात मूठभर घातली. "त्याच गाडीनं परत आले. हैबती गाडी हाकत हुता. मिसरूड बी फुटलं नव्हतं त्याला. वाटंत एक सबूद बोलला न्हाई."

मी खुंटा धरून बसले. जातं तिने एकटीने ओढलं.

"तुझ्या येळंला बी गाडी जुपलेलीच हुती की," ती म्हणाली.

मला रडू आलं आणि टिपं पिठात पडू नयेत म्हणून मी तोंड फिरवलं. इतके दिवस ज्याला मी हट्ट म्हणत होते, त्या हट्टावर मी त्या घरात उभी होते. मामंजी पायली तांबटाकडे नेणार कसे? नेली म्हणजे चेपली हे कबूल. चेपली म्हणजे माझ्या पायाने. मग रेडकूही माझ्याच पायाने, आणि उद्या पाऊस लांबला तर तोही. एका वाक्याने त्यांनी मला आत घेतलं होतं आणि त्याच वाक्याने पुतळाचं मडकं रिकामं राहत होतं. दोन्ही त्यांना दिसत होतं. म्हणून भाकरी जात नव्हती.

शिमग्याला मला माहेरी नेलं. मी आईला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला परत पाठवताना दहादा विचार केला असता. रंगपंचमी झाली आणि भाऊ मला पोचवायला निघाला. वाटेत मी त्याला एवढंच म्हणाले, की उतरल्यावर गाडी लगेच सोडू नकोस. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, बघू.

पोचलो तेव्हा अंगण भरलेलं होतं. मजुरी मोजायचा दिवस. बायका पदर पसरून बसलेल्या, मालक सोप्यावर, मास्तरही कशाला तरी आलेले, आणि बयाकाकू नसेल असं कसं होईल. मी उतरले, पण पायरी चढले नाही.

"मामंजी, मला माप ओलांडून यायचंय."

"एकदा वलांडलंस की."

"तेव्हा नीट जमलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सून सासऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवत नसे तेव्हा, पण मी भिडवला. ते म्हणाले, "तुला काय बोलतीस ते कळतंय का?" मी म्हणाले, कळतंय. मग त्यांनी पायलीतली ज्वारी परत ढिगावर ओतली, उठले, आणि रिकामी पायली स्वतः आणून उंबऱ्यावर ठेवली. तांदूळ भरायचं राहिलं असं आत्याबाई म्हणाल्या. ते म्हणाले, असू दे.

मी पायरी चढून उंबऱ्यापाशी एक रिकामं पोतं घडी करून टाकलं. पायली त्याच्यावर आडवी केली, पोचा खाली येईल अशी. आणि उजवा पाय आत घातला.

अंगणातून एकच हाय उठली. मापात पाय! माप म्हणजे लक्ष्मी, त्याला चुकून पाय लागला तर माणसं हात जोडतात. त्याला बोट लावायचा मान फक्त नव्या नवरीच्या पायाला, तोही एकदा. मी जागा चाचपली, टाच त्या फुगवट्यावर रोवली, चौकट धरली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. एकदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा टचकन आवाज आला आणि माझी टाच खाली गेली.

पाय काढला. पोचा निघाला होता. निघताना जरा जास्तच निघाला. आत होता तिथे आता बाहेर किंचित टेंगूळ आलं होतं.

"बघा," बयाकाकू उभी राहिली. "आता तरी पटलं का? चेपली हुती म्हनूनच काढली न्हवं? हिच्याच पायानं..."

"बया, थांब," मामंजी म्हणाले. त्यांनी पायली उचलली, भरली, तळहात फिरवला. मग मास्तरांची पायली मागवली. गावात न चेपलेली तेवढी एकच होती. आमच्या पायलीतली ज्वारी तीत ओतली. मास्तरांची पायली काठोकाठ भरली आणि वर मूठभर सांडली.

मास्तर वाकून बघत होते. "आण्णा, आता तुमची जास्त भरते. पहिल्यापेक्षाही."

"पायली जास्ती भरत न्हाई."

"माझी बरोबर होती हो."

"हुती," मामंजी म्हणाले. "पायली म्हंजी ही."

सोप्यावरचे मालक चुळबुळ करू लागले. पण महिन्यापूर्वी याच वाक्याला त्यांनी माना डोलावल्या होत्या, आता त्याच माना आडव्या कशा हलवायच्या? एकाने घसा खाकरला आणि पान काढलं. आमचे हे कोपऱ्यातली पोती सावरत होते.

"पुतळा, पदर धर," मामंजी म्हणाले. "लाभ."

ज्वारी तिच्या पदरात पडली. तिने ती हाताने जरा हलवून पाहिली, आणि मग बयाकाकूकडे बघत सावकाश म्हणाली, "सुनेचा पाय लागला आन् पायली वाढली. लक्षुमीच्या पायाची हाय वो पोर." बाकीच्या बायकांनी ते लगेच उचललं. त्यांच्या पायल्या मोजायच्या राहिल्या होत्या ना. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं, आणि एकदा गावभर झालेल्या गोष्टीला बयाकाकू एकटी काय करणार? भावाने गाडी सोडली आणि जेवायला बसला. त्या दिवशी मामंजींनी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

जेवणं झाल्यावर सोनाआत्या बाहेर आली. तिने पायली मांडीवर घेतली, आत हात घालून जागा चाचपली.

"पोचा गेला?" तिने विचारलं.

"गेला," मामंजी म्हणाले.

"कुठं गेला?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, तिच्या असल्या प्रश्नांना घरात कुणीच उत्तर देत नाही, तसेच तेही गप्प बसतील. पण त्यांनी विचार केला. "गावात हाय," ते म्हणाले. "समद्यांच्या पायल्यांत. मंगळवारी तांबट आला की तिथनं बी जाईल."

"म्हंजी माझा तेवढा ऱ्हायला," सोनाआत्या म्हणाली, आणि पायली जागेवर ठेवून भांडी घासायला गेली.



पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं. वरात दारात आली. माप ठेवायचा मान घरच्या सवाष्णीचा, म्हणून आत्याबाई पायली घेऊन निघाल्या. मामंजींनी त्यांना थांबवलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "सोने, माप ठिव."

सोनाआत्या दारापर्यंत आली आणि थांबली. पाहुण्यांत कुजबुज झाली. सासरच्यांनी टाकलेल्या बाईच्या हातचं माप नव्या नवरीने ओलांडायचं, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. बयाकाकूने ते मोठ्याने विचारलंही, की अशानं ते माप शुभ कसं म्हणायचं.

"माप म्हंजी सोनी ठेवील ते," मामंजी म्हणाले.

सोनाआत्याने पायली भरली. तळहात फिरवला. उंबऱ्यावर ठेवली, टेंगूळ आपल्याकडे येईल अशी. पलीकडे पोर उभी होती, माझ्यासारखीच, कुणीतरी कानात काहीबाही सांगून पाठवलेली. सोनाआत्या तिच्याकडे बघून हसली. त्या घरात वर्ष काढलं तरी तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"मार लाथ," ती म्हणाली. "भिऊ नगंस. ही चेपत न्हाई."